एकवीस मिनिटं

प्रश्न पडला की मला जेवण गोड लागत नाही. आई म्हणायची, या पोरीला नसत्या चौकशा फार. म्हणून तर ओढ्याचं पाणी मोजायची नोकरी मिळाली! पुलाखालच्या मोजपट्टीवर रोज पाणी बघायचं आणि वहीत लिहायचं.

चाळीस वर्षांपूर्वीच्या वह्या चाळताना मात्र डोकं चक्रावलं. तेव्हा डोंगरावर पाऊस पडला की ओढा दुसऱ्या दिवशी फुगायचा आणि आठवडाभर हळूहळू उतरायचा. आता दोन तासांत लोंढा, चौथ्या दिवशी दगड उघडे. पाऊस तर तेवढाच! मग गडबड कुठे?

नुसती गंमत म्हणून सोडलं असतं, पण माशांच्या जिवावर बेतलं होतं. इथला मासा तळाच्या खड्यांत अंडी घालतो आणि जेमतेम चार वर्षं जगतो. गेली तीन वर्षं नेमका अंड्यांच्या दिवसांत पाऊस आला आणि लोंढ्याने अंडी खड्यांसकट वाहून नेली. यंदाही तेच झालं तर संपलंच. अंडी घालायला तीन आठवडे उरले होते.

वर डोंगरभर लागवडीचं जंगल आहे. त्यासाठी पाणथळ जमीन सुकवायला, त्या जुन्या वह्यांनंतरच्या वर्षांत, चर खणले माझ्या बाबांच्या टोळीने. नाकासमोर सरळ, थेट ओढ्यापर्यंत बावन्न चर. ज्याच्या कुदळीने चर ओढ्याला मिळायचा, त्याला बाकीचे उचलून पाण्यात बुचकळायचे. बाबा नऊ वेळा भिजले, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.

मला शंका आली, चर बुजवायची परवानगीही मी मिळवून ठेवली, पण बाबांच्या तोंडावर कसं बोलणार? मी बाबांना घड्याळ देऊन पुलावर बसवलं, वर जाऊन उघडा दिसणाऱ्या एकुलत्या एका चरात खायच्या लाल रंगाची बादली ओतली.

"आलं गं, आलं! एकवीस मिनिटं!" बाबा फोनवर ओरडले. "बघ, माझा चर अजून ठणठणीत आहे!"

"तेच तर दुखणं आहे, बाबा," मी खाली येऊन सांगितलं. "पूर्वी पाणी डोंगरात मुरत मुरत यायचं. आता एकदम येतं आणि अंडी धुऊन नेतं. चर बुजवायची परवानगी मिळालीय, पण पाचोळ्याखाली बाकीचे कुठे आहेत, हे तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही."

"म्हणजे माझी सगळी मेहनत चूकच म्हण की!"

"मग बसा ते चर कुरवाळत!" मी फटकन बोलून गेले आणि जीभ चावली. दोन दिवस बाबा ताट घेऊन अंगणात जेवले.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा पुलाखाली गुडघाभर पाण्यात वाकून खडे उलटेपालटे करत होते.

"एक पिल्लू नाही गं," ते म्हणाले. "आम्हाला झाडांचं सांगितलं होतं. माशांचं कुणी बोललंच नाही."

फावडं आणि फळ्या घेऊन आम्ही तसेच वर गेलो. काठी टोचत चालता चालता ते थांबले. "इथे." पाचोळा सारला, तर खाली पाणी पळत होतं. मी फावडं उचललं, ते त्यांनी हिसकावून घेतलं.

"मी खणलाय. मीच बुजवणार."

आडवी फळी ठोकून ते मागे माती दाबत होते आणि मी खुळ्यासारखी रडत होते. पाणी फळीशी अडलं, जरा फुगलं आणि बाजूच्या शेवाळात पसरायला लागलं. बाबा बघत राहिले.

"जिरतंय की गं!" ते म्हणाले. मग त्यांनी कपाळ पुसलं. "एक्कावन्न उरले. चल, उचल त्या फळ्या."