शेजारची वेनिंग

त्या मंगळवारी सकाळी दरमोनोंच्या मागच्या अंगणात वेनिंग बाटल्या धूत बसली होती. प्लास्टिकच्या, रिकाम्या, गल्लीतून गोळा केलेल्या. त्या वर्षी आमच्या सुराबाया शहरात नवी लाल बस सुरू झाली होती, आणि तिच्यात पैसे चालत नसत, बाटल्या चालत. स्वच्छ बाटल्या द्या, तिकीट घ्या. त्यामुळे आमच्या गल्लीत बाटली कचऱ्यात टाकायची सोय राहिली नव्हती. लगेच कुंपणापलीकडून हाक यायची, "याती काकू, ती माझी आहे."

याती काकू म्हणजे मी, लग्न न करताच गल्लीभरची काकू झालेली. दरमोनोंची शेजारीण. आमच्या दोघांच्या न्हाणीघराची भिंत एकच आहे, त्यामुळे त्या घरातलं मला जितकं कळतं तितकं त्यांनाही कळत नसेल.

वेनिंग दरमोनोंची धाकटी, बावीस वर्षांची. काही मुलांचे चेहरे जगात कुठेही जा, एकमेकांसारखेच दिसतात, गोल, तिरप्या डोळ्यांचे, तसा तिचा चेहरा. बोलायला सावकाश, शिकायला त्याहून सावकाश. पण एकदा शिकली की शिकली, मग ते तिच्या डोक्यातून देवसुद्धा काढू शकायचा नाही. बटणं लावायला तिला तिच्या मावशीनं शिकवलं होतं. आता अख्ख्या गल्लीच्या सदऱ्यांची बटणं तीच लावायची.

आणि एक गोष्ट तिला आईनं शिकवली होती. वेनिंग सहा वर्षांची असताना सुमार्नी तिला बाजारात घेऊन गेली होती. तिथे दरमोनोंच्या साहेबांची बायको भेटली. "ही कोण, तुमचीच का?" सुमार्नीच्या तोंडून निघून गेलं, "नाही हो, शेजारची आहे." घरी आल्यावर नवऱ्यानं शाबासकी दिली. मग तेच वाक्य पोरीकडून घोटून घेतलं. कोणी विचारलं, कोणाची गं तू, तर काय सांगायचं? मी शेजारची. नीट म्हटलं की गुळाची वडी मिळायची.

सुमार्नी वाईट बाई नव्हती, हे मी आधीच सांगून टाकते. अजूनही ती वेनिंगच्या माशातले काटे स्वतः काढून द्यायची. पोरीला ताप आला की रात्र रात्र बसायची. पण दारी पाहुणा आला की तिला मागच्या खोलीत ढकलून कडी लावायची ती हीच. माया होती हो, नुसती दाराच्या आत होती.

तर त्या मंगळवारी मावशी आली, सुहार्ती. सुमार्नीची धाकटी बहीण. प्राणिसंग्रहालयाजवळ तिचं शिवणाचं दुकान आहे.

"वेनिंगला माझ्याकडे कामाला पाठव," ती म्हणाली. "बटणं-काजं करायला मला माणूस हवंय. रोज बसने येईल, बसने जाईल."

दरमोनो चहा पीत होते. "ती? बसने? एकटी?"

"महिनाभर मी काय करतेय भावोजी? हवा खायला नेत होते तिला? आधी शेजारी बसवलं. मग मी मागच्या सीटवर बसले. आता मी बोलतसुद्धा नाही, ती मला उतरवते."

वेनिंगने ओले हात झग्याला पुसले आणि एकेक बोट दुमडत म्हणून दाखवलं, "लाल बस. गुलाबी सीट, बायकांची. आगगाडीचे रूळ. मग पूल. मग मासा-मगर. मासा-मगर दिसले की उठायचं."

मासा-मगर म्हणजे प्राणिसंग्रहालयासमोरचा तो पुतळा, आमच्या शहराची खूणच.

"आणि हरवलीस तर?" मावशीनं विचारलं.

"तिकीटवाल्या ताईला नाव सांगायचं. बाबांचं नाव सांगायचं."

दरमोनोंनी कप खाली ठेवला तो जरा जोरातच. "माझं नाव बसमध्ये घेत फिरायची काही गरज नाही. येत्या रविवारी मलांगहून पाहुणे येताहेत पालुपीला मागणी घालायला. ते नीट पार पडू दे, मग बघू काय बस नि काय फस."

पालुपी थोरली, बँकेत नोकरीला. ती दारात उभी राहून वेणी घालत होती. बाबांकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं आणि कामावर गेली. मलांगच्या लोकांना तिनं एकुलती एक म्हणून सांगितलं होतं.

रविवार उजाडला. पहाटेपासून आम्ही शेजारणी त्यांच्या स्वयंपाकघरात राबत होतो. मी रावोनच्या काळ्या रश्शाचं पातेलं सांभाळत होते. तेवढ्यात दरमोनो आत आले आणि बायकोला हलक्या आवाजात म्हणाले, "मागच्या खोलीत ठेवू नकोस. मागच्या वेळी दार वाजवत बसली होती. आज ती घरातच नको."

सुमार्नीनं हातातलं भांडं झाकलं. मग वेनिंगला बोलावून तिनं तिचे केस विंचरले. "आज तू मावशीकडे जायचंस. एकटीनं."

"एकटी?" वेनिंगचा विश्वासच बसेना. "मला येतं, आई?"

"येतं. तुला सगळं येतं आता."

काय सांगू तुम्हाला. त्या पोरीने स्वतः बटणं लावलेला पिवळा सदरा घातला, बाटल्यांची पिशवी खांद्याला लावली आणि जाताना प्रत्येकीला सांगत गेली, "आई म्हणाली, मला येतं." महिनाभर मावशी घसा कोरडा करत होती तेव्हा परवानगी मिळाली नाही. आज मिळाली, ती घरातून घालवायला. हे तिला कळलं नाही तेच बरं झालं. मी रस्सा ढवळत राहिले.

सुमार्नीनं बहिणीला फोन करून कळवलं, वेनिंग निघालीय, थांब्यावर उभी राहा. मग दरमोनोंनी घरातले सगळे फोन बंद करून कपाटात ठेवले. शुभकार्यात कटकट नको.

बसमध्ये काय झालं ते मला नंतर तिकीटवाल्या बाईनं सांगितलं, थांब्यावरचं सुहार्तीनं. वेनिंगनं बाटल्या दिल्या, तिकीट घेतलं, गुलाबी सीटवर खिडकीशी बसली. रूळ आले, तिनं बोट दुमडलं. पूल आला, दुसरं दुमडलं. मग ती मासा-मगरीची वाट बघत बसली. आणि ते आलेच नाहीत. शहराचा वाढदिवस जवळ आला होता, पुतळा रंगवायला काढला होता, वरून खालपर्यंत हिरव्या कापडात गुंडाळलेला. थांब्यावर मावशी उभी होती, तिनं हात हलवला. पण वेनिंगचे डोळे पलीकडच्या बाजूला पुतळा शोधत होते. मासा-मगर दिसले नाहीत, म्हणून ती उठली नाही. शिकवलेलं ती मोडत नाही.

मावशीनं घरी फोनवर फोन लावले, ते बंद. बस शेवटच्या थांब्याला गेली. सगळे उतरले. तिकीटवाली जवळ आली.

"ताई, उतरायचं ना? कुठे जायचंय तुम्हाला?"

"मासा-मगर आले नाहीत."

"ते तर केव्हाच मागे गेले. कोणाच्या तुम्ही? घरचं कोणी आहे का बरोबर?"

मावशीनं महिनाभर शिकवलेलं एका बाजूला आणि आईनं सोळा वर्षं शिकवलेलं एका बाजूला. प्रश्न आईच्या शब्दांत आला होता.

"मी शेजारची," वेनिंग म्हणाली.

"कोणाच्या शेजारची?"

"दरमोनोंच्या शेजारची. टोफूवाल्याच्या गल्लीत."

त्या बाईला गल्ली माहीत होती. परतीच्या फेरीत तिनं वेनिंगला आपल्याजवळ बसवलं, आमच्या थांब्यावर बस आली तशी ड्रायव्हरला दोन मिनिटं थांबायला सांगितलं आणि तिचा हात धरून थेट गल्लीत आली. माझ्या दाराला कुलूप. साहजिकच आहे, मी दरमोनोंकडे वाढत होते.

बैठकीत मलांगची मंडळी चटयांवर बसली होती. मध्ये त्यांनी आणलेली ताटं, त्यात चिकट भाताच्या वड्या, नवरा-बायकोनं असंच चिकटून राहावं म्हणून. मुलाचे काका नुकतेच मागणीचे शब्द बोलून थांबले होते. आणि दारात लाल गणवेशातली बाई.

"माफ करा हं. दरमोनोंची शेजारीण इथे आहे का? त्यांची मुलगी बसमध्ये राहिली होती."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. मग माझ्याकडे वळल्या, कारण दरमोनोंनी बोट केलं माझ्याकडे. "या, या शेजारीण." सुमार्नी माझ्याकडे बघत होती. डोळ्यांनी पाया पडत होती. एक 'हो' म्हण, तेवढंच.

मी पळी खाली ठेवली. "माझं लग्नच झालेलं नाही, मला मुलगी कुठून येणार?"

मुलाच्या आईनं मऊ आवाजात वेनिंगलाच विचारलं, "कोणाची गं तू, बाळ?"

वेनिंगने आईकडे पाहिलं. शहाण्या मुलीसारखी ताठ उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मी शेजारची." मग आईपुढे तळहात पसरला. गुळाच्या वडीसाठी.

सुमार्नीनं तोंडावर पदर घेतला. दरमोनो चटईच्या विणीकडे बघत बसले. तेवढ्यात पालुपी उठली. अंगावरचं भरजरी वस्त्र सावरत दारापाशी गेली आणि बहिणीचा तो पसरलेला हात तिनं हातात घेतला.

"ही वेनिंग. माझी सख्खी बहीण. मी तुम्हाला एकटीच आहे म्हणून सांगितलं, ते खोटं होतं. हिला लपवून माझं लग्न होणार असेल तर मला ते नको."

कोणी आरडाओरडा केला नाही. चांगल्या घरची माणसं होती. काका म्हणाले, "असं रक्तात असतं, म्हणतात." मुलाची आई म्हणाली, "आम्हाला आधी कळायला हवं होतं." मुलानं पालुपीकडे एकदा पाहिलं, मग आईकडे, आणि चपला घातल्या. कळवतो म्हणाले. त्यांनी काही कळवलं नाही. वड्या दोन दिवसांत आंबल्या, मीच टाकून आले.

दरमोनो महिनाभर थोरलीशी बोलले नाहीत. ताटावर बसले की तिच्याकडे पाठ करायचे. गल्लीतही कुजबुज झाली, पोरीनं हातचं स्थळ घालवलं म्हणून. ज्यांनी इतकी वर्षं वेनिंगच्या हातून फुकटात बटणं लावून घेतली त्यांनीच नाकं मुरडली. स्थळ घालवलं कोणी? सोळा वर्षं एका लेकराला स्वतःच्या दारात परकं केलं, ते कोणाच्या हिशेबात धरायचं? तुमच्याही गल्लीत अशी एखादी शेजारची असेल. पाहुणे आले की मागची कडी वाजते ना, तिकडे जरा कान द्या.

वेनिंगनं पुढे आठवडाभर बाटलीला हात लावला नाही. मला येत नाही, म्हणायची. मग एका सोमवारी सुमार्नीनंच नळापाशी बसून बाटल्या धुतल्या, लेबलं खरवडली आणि तिला थांब्यावर घेऊन गेली. पुतळ्यावरचं कापड निघालं होतं, मावशी तिथे उभी राहणार होती. मीही गेले बरोबर.

थांब्यावर ओळखीपाळखीची बरीच माणसं होती, दरमोनोंच्या साहेबांची ती बायकोसुद्धा. लाल बस आली. दार उघडलं, तीच तिकीटवाली.

"आलात का? मासा-मगर तुमची वाट बघताहेत," ती हसली. "पण आज मला खरं सांगायचं हं. कोणाच्या तुम्ही?"

वेनिंगचा एक पाय पायरीवर, एक खाली. ती वळली. आईच्या अगदी कानाशी येऊन, कोणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू तिनं विचारलं, "आई, सांगू?"

सुमार्नीनं थांब्यावरच्या सगळ्या माणसांकडे पाहिलं.

"सांग," ती म्हणाली. "मोठ्यानं सांग."