सतरा नंबरचा जोड

माझी जुनी सायकल लोखंडी होती आणि नरपडच्या खाऱ्या हवेने ती चार वर्षांत खाल्ली. रंगाखाली फोड आले, सीटची नळी आत अडकली ती निघेना, आणि पाणी साचतं तिथे नखाने दाबलं तरी पापुद्रा सुटायला लागला. मी एका प्रकल्पासाठी डहाणू आणि तलासरीच्या पाड्यांवरच्या हातपंपांचं पाणी तपासते. एकतीस पंप, प्रत्येक पंप महिन्यातून एकदा. निम्म्याहून जास्त वाट मुरमाची नाहीतर शेतातून जाणारी. म्हणून नवी घ्यायची ती ग्रॅव्हल बाइक, म्हणजे रेसरसारखं वाकडं हँडल, पण टायर जाड आणि कच्च्या रस्त्याला चालणारे. आणि फ्रेम टायटॅनियमची, कारण टायटॅनियम गंजत नाही.

चाकं, ब्रेक, गियर साधे घेतले तर फ्रेमसाठी ऐंशी हजार उरत होते. नावाजलेल्या कंपन्यांच्या फ्रेम दीड लाखाच्या पुढे. मी दोन महिने तक्ता करत बसले आणि शेवटी परदेशातल्या एका छोट्या कारखान्याची, नावाचं स्टिकरही नसलेली फ्रेम मागवली. मिश्रधातू योग्य होता, त्यात पंचेचाळीस मिलिमीटरचा टायर बसत होता, पेडलच्या मधल्या पोकळीला आटे होते, म्हणजे दुरुस्ती कुठेही होईल. तक्त्यात एकच रकाना कोरा राहिला. वेल्डिंग कसं आहे, ते फोटोवरून कळत नाही. पंधरा दिवसांत फ्रेम परत करता येणार होती.

माझी सायकल दोन वर्षं प्रविणदादा दुरुस्त करतो. तलासरीच्या अलीकडे, पाड्याच्या तोंडाशी, स्वतःच्या घरापुढेच पत्रा टाकून त्याने दुकान काढलंय. खोकं घेऊन मी त्याच्याकडे गेले ती फक्त जुन्या सायकलचे भाग काढून घ्यायला.

"केवढ्याची?" त्याने विचारलं.

मी सांगितलं.

"एवढ्यात मोटरसायकल येते, ताई."

"तिला पेट्रोल लागतं."

"आणि हिला तुम्ही लागता. पेट्रोल स्वस्त पडेल." तो हसला. मग त्याने फ्रेम एका हाताने उचलली आणि हसणं थांबलं. अंगठा जोडावरून फिरवत म्हणाला, "हे टायटॅनियम."

"तुम्हाला कसं कळलं?"

"अकरा वर्षं हेच जोडलंय. तारापूरच्या कारखान्यात."

दोन वर्षांत त्याने हे कधी सांगितलं नव्हतं. पंक्चर काढणाऱ्या माणसाला मीही कधी विचारलं नव्हतं की तुम्ही आधी काय करायचात.

त्याने फ्रेम उजेडात धरली. बाहेरचे सगळे जोड चांदीसारखे होते, नाण्यांची चळत कलती करावी तशा बारीक सारख्या लाटांचे. मला ते सुंदर वाटले. त्याला वाटले नाहीत, असं नाही, पण तो म्हणाला, "बाहेरून सगळेच चांगलं करतात." मग घरातून एक छोटा आरसा आणला, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा लांब दांड्याचा. मोबाइलचा उजेड पेडलच्या पोकळीत सोडून तो बराच वेळ आत बघत राहिला.

"बघा," तो म्हणाला.

आरशात जोडाची आतली बाजू दिसत होती. ती निळी होती, आणि एका ठिकाणी राखेसारखी पांढुरकी.

मला पदार्थविज्ञानातून एवढं माहीत होतं की तो रंग धातूचा नाही. तापलेल्या टायटॅनियमवर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि थराच्या जाडीप्रमाणे रंग दिसतो, पाण्यावरच्या तेलासारखा. प्रविणदादाला तेच उलट्या बाजूने माहीत होतं. जोडताना धातूला हवा लागता कामा नये, म्हणून बाहेरून आर्गॉन गॅस देतात आणि नळीच्या आतही भरतात. दोन्हीकडे गॅस नीट असेल तर जोड चांदीसारखा राहतो. फिकट पिवळा चालतो. निळा आला की जोड कापून टाकायचा. पांढरा म्हणजे धातू काचेसारखा झाला, आज नाहीतर वर्षाने तडकणार.

"यांनी आतून गॅस दिला नाही. किंवा दिला आणि मध्येच संपला," तो म्हणाला. "मुरमाच्या रस्त्यावर ही घेऊन जाऊ नका."

माझा कोरा रकाना भरला. मी फ्रेम खोक्यात परत ठेवायला लागले. त्याने आरसा पुसला, पण आत नेऊन ठेवला नाही.

"ताई, तुमचं एक काम मी केलं. माझं एक कराल?"

तो आत गेला आणि फडक्यात बांधलेलं काहीतरी घेऊन आला. गाठ सुटत नव्हती. शेवटी दातांनी सोडवली. आत पेल्याएवढ्या रुंद नळीचा वीतभर तुकडा होता. मधोमध जोड, आणि जोडाच्या कडेने जवळजवळ पूर्ण वळसा घालणारी भेग. शेजारी कोरलेला आकडा, १७.

"सतरा नंबर माझा," तो म्हणाला. "प्रत्येक वेल्डरला नंबर असतो. जोड पुरा झाला की शेजारी कोरायचा. म्हणजे पुढे काही झालं तर कुणी केला ते कळतं."

मग त्याने जे सांगितलं ते असं. सहा वर्षांपूर्वी कारखान्यात गरम आम्ल वाहून नेणाऱ्या नळ्यांची लाइन टाकायची होती. या जोडाची सुरुवात त्याने केली. अर्धा झाला तेव्हा चार वाजले आणि त्याची पाळी संपली. उरलेला अर्धा चैत्याने केला. चैत्या त्याच्या हाताखाली शिकलेला, त्याच्या धाकट्या बहिणीचा, निलमचा नवरा. जाताना प्रविणदादाने आपला नंबर कोरून टाकला, कारण सकाळी तपासणी होती आणि चैत्याला अजून स्वतःचा नंबर मिळाला नव्हता. महिन्याभराने लाइन फुटली तेव्हा खाली चैत्याच उभा होता. तो नऊ दिवस जगला.

"चौकशीत नंबर वाचला आणि संपलं. मी पण म्हणालो, माझाच जोड. काम सोडलं त्या दिवशी भंगाराजवळच्या माणसाने हा तुकडा पिशवीत घालून दिला."

"तुम्ही आत बघितलं नाही कधी?"

"नाही. बघितलं तर कळेल ना." तो तुकड्याकडे न बघता बोलत होता. "निलम समोरच राहते. सहा वर्षांत माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. रोज दिसते. मला एवढंच पाहिजे, माझ्या अर्ध्यामुळे फुटला का दुसऱ्या. नंबराकडची बाजू माझी."

समोरच्या घराच्या ओट्यावर निलम सूप घेऊन पाखडत बसली होती. मी तिला ओळखत होते. त्यांच्या पंपाचा नमुना घेताना दांडा नेहमी तीच मारून देते.

मी तुकडा गुडघ्यावर आडवा धरला आणि उजेड आत सोडला. घाई केली नाही. आम्लाने रंग थोडे फिके केले होते, पण पुसले नव्हते. नंबरापासून सुरू करून मी हळूहळू नळी फिरवत गेले. चांदी. चांदी. थोडा फिकट पिवळा, पुन्हा चांदी. लाटा एकसारख्या. अर्ध्या वळशाला लाटांची रुंदी बदलली, हात बदलला होता. तिथून पुढे दोन बोटं पिवळा, मग निळा, मग राखेचा पांढरा पट्टा. भेगेचे जुने, काळवंडलेले काठ त्या पांढऱ्यातच होते. तिथून दोन्ही बाजूंना गेलेले काठ चकचकीत होते, म्हणजे तो भाग नंतर, एका झटक्यात फाटला होता.

मी पुन्हा एकदा पहिल्यापासून पाहिलं. चूक होऊ नये म्हणून.

"तुमच्या बाजूचा जोड चांगला आहे," मी म्हणाले. "सुरुवातीला आत गॅस होता. दुसऱ्या अर्ध्यात नव्हता. भेग तिथे सुरू झाली."

मला वाटलं होतं त्याला हलकं वाटेल. तो खाली बसला, टायरच्या ढिगावर, आणि दोन्ही हात मांड्यांखाली घेतले.

"म्हणजे चैत्याने स्वतःच."

"गॅस का गेला ते यातून कळत नाही. बाटली संपली असेल, नळी सुटली असेल."

"कुणाला सांगू नका," तो म्हणाला. "ताई, ऐका. कुणालाच नाही. नंबर माझा आहे, माझाच राहू दे."

मी काही बोलायच्या आत पत्र्याखाली सावली पडली. निलम रस्ता ओलांडून आली होती. सूप तिच्या हातातच होतं. ती भावाकडे बघत नव्हती, तुकड्याकडे बघत होती.

"मयूरीताई, हा तोच ना?"

"हो."

"काय निघालं?"

मला खोटं बोलता येत नाही असं नाही. पण मोजून पाहिलेल्या गोष्टीबद्दल मी कधी खोटं बोलले नव्हते. म्हणून जेवढं दिसलं तेवढंच, नाव न घेता सांगितलं. जोडाची सुरुवात चांगली होती. नंतर आतला गॅस गेला आणि शेवट कच्चा राहिला.

"सुरुवात चांगली," ती म्हणाली. "शेवट कच्चा."

"सुरुवात चैत्याने केली होती," प्रविणदादा एकदम बोलला. आवाज मोठा निघाला. "चांगला भाग त्याचा. शेवट मी केला. मी ताईंना तेच सांगत होतो."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी आरशाच्या दांड्याकडे पाहत राहिले.

ते दोघं आपसात वारलीत बोलतात, मी इथे माझ्या मराठीत लिहिते आहे. निलमने सूप खाली ठेवलं. तुकडा माझ्या मांडीवरून उचलून घेतला आणि चांदीच्या बाजूने अंगठा फिरवला, मग आकड्यावरून.

"दादा," ती म्हणाली, "हा जोड केला त्या दिवशी तू साडेपाचलाच घरी आलास. चहा मी केला होता. साखर नव्हती म्हणून तू ओरडलास. तो नऊला आला."

प्रविणदादा मांडीखालचे हात काढून टायरची कड खरवडायला लागला.

"पाडाभर लोक म्हणायचे, सतरा नंबर, सतरा नंबर. मला माहीत होतं शेवट कुणी केला असेल. खात्री नव्हती. तुला विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस, म्हणून सहा वर्षं विचारलं नाही." तिने नाक पदराला पुसलं. "आणि आज विचारायला आले तर खोटं बोलतोस. ते पण धड येत नाही तुला."

"निलम, मी नंबर आधी टाकायला नको होता."

"नको होता," ती म्हणाली. तिने त्याला त्यातून सोडवलं नाही.

मग ती माझ्याकडे वळली. "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात. आत गॅस गेला हे त्याला कळलं असतं का? बाहेरून?"

इथे मात्र मला माझं उत्तर माहीत होतं. मी तुकडा तिच्या हातात तसाच ठेवून बाहेरची बाजू उजेडाकडे वळवली. भेग सोडली तर पूर्ण वळसा चांदीसारखा होता. तिला दोन अर्धे वेगळे दाखवता आले नसते. कुणालाच नसते आले.

"नाही," मी म्हणाले. "जोडणाऱ्याला ही बाजू दिसते. ती शेवटपर्यंत चांगली होती."

"त्याला वाटलं असेल चांगला झाला?"

"हो. असाच दिसला असणार."

ती बराच वेळ तो वळसा बघत राहिली. प्रविणदादाने टायरच्या ढिगावर जरा बाजूला सरकून जागा केली. ती लगेच बसली नाही. आधी तिने तुकडा फडक्यात गुंडाळला, गाठ मारली, आणि त्याला न देता स्वतःच्या ओटीत घेतला. मग बसली.