सातव्या पायरीपाशी उभे असलेले मास्तर

त्या पेन्शन कार्यालयात नव्याने रुजू होणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशी तीन गोष्टी शिकवत: हजेरीची सही कुठे करायची, चहा कधी येतो आणि जिन्याची सातवी पायरी कशी ओलांडायची.

पायरी चार वर्षांपूर्वी फुटली होती. कर्मचारी सहावीवरून थेट आठवीवर जात. एक कारकून तर सवयीने घरचीही सातवी पायरी सोडायचा. बायकोला वाटे, गुडघ्यांचा काही व्यायाम असेल.

पेन्शनरांना मात्र हे शिक्षण मिळालेलं नव्हतं. वर्षातून एकदा, आपण जिवंत आहोत हे सांगायला त्यांना स्वतः वर यावं लागे आणि वर येताना त्याचीच खात्री कमी होत जाई.

कार्यालय स्वस्थ बसलं होतं असं नाही. हेडक्लार्कांनी दुरुस्ती खात्याला अकरा पत्रं लिहिली होती. खात्याचं उत्तरही आलं होतं, की आमच्या नकाशात सदर पायरी शाबूत आहे, सबब दुरुस्तीचा प्रश्न उद्भवत नाही. हेडक्लार्कांनी ते व्यवस्थित फाइलला लावलं.

या वर्षी मात्र पहिल्यांदाच त्यांच्या आईवरही वर येण्याची पाळी आली होती. खुब्याचं ऑपरेशन होऊन तीनच महिने झालेले. पुन्हा पडली तर उठायची नाही, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते. हयातीच्या दाखल्याची शेवटची तारीख गुरुवार. हेडक्लार्कांची झोप उडाली. त्यांनी बारावं पत्र लिहिलं.

वाचकहो, हसू नका. आपणही हेच केलं असतं. आपलं अक्षर तेवढं वाईट असतं.

सोमवारी इंग्रजीचे एक निवृत्त मास्तर आले. त्यांचा दाखला दहा मिनिटांत झाला. घरी जायचं सोडून ते खाली उतरून फुटक्या पायरीपाशी उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हात देऊन पलीकडे घेऊ लागले. पाच वाजेपर्यंत! मंगळवारी पुन्हा हजर, सोबत डबा. रखवालदाराने वही पुढे करून 'कोणाला भेटायचे' असं विचारलं, तर त्यांनी 'पायरीला' असं लिहिलं. अधीक्षकांनी नियमांचं पुस्तक काढलं. मास्तरांना उभं राहू देणारा नियम सापडेना, हाकलणाराही सापडेना. शेवटी 'मास्तर' या नावाची एक नवी फाइल उघडण्यात आली आणि सगळ्यांना जरा बरं वाटलं.

हेडक्लार्कांनी आईला बजावलं होतं, की गुरुवारी एक वाजता मी घ्यायला येईन, तोवर हलायचं नाही. अकरा वाजता आई त्यांच्या टेबलासमोर उभी.

त्यांच्या हातातलं पेन खाली पडलं. कशी आलीस, कोणी आणलं, एवढंच कसंबसं विचारलं.

"अरे, खाली तुमचा माणूस आहे ना! माझ्याहून म्हातारा आणि मलाच आई म्हणतो. चांगली सोय केलीस हो. तूच ठेवलास ना त्याला?"

 आईला खुर्चीत बसवून हेडक्लार्क खाली गेले.

मास्तर एका आजोबांना पलीकडे सोडत होते. त्यांच्या उजव्या डोळ्यावर पांढरा पडदा होता, डावाही यथातथाच. फुटलेली पायरी त्यांना दिसतच नव्हती. ते पायाने मोजून ती ओळखत होते. चार दिवस! हात धरून धरून मनगट सुजलेलं, त्यावर रुमाल बांधलेला. हेडक्लार्क कठडा धरून बघत राहिले. देवळात गेल्यावरही ते इतका वेळ उभे राहत नसत.

"मास्तर, हे तुम्हाला सांगितलं कोणी?"

"कोणीच नाही." आणि मास्तरांनी सवयीने शिकवायला घेतलं. इंग्रजीत म्हणतात, 'ऑफ युअर ओन बॅट'. कोणी न सांगता, आपणहून केलेलं. हे आलं क्रिकेटमधून. वाइड पडला, बाय मिळाली, तरी संघाची धावसंख्या वाढते. पण त्या झाल्या अवांतर. फलंदाजाच्या नावापुढे लागतात त्या त्याच्या स्वतःच्या बॅटमधून निघालेल्याच. "शिपाई सांगत होता, तुमची बारा पत्रं फार सुंदर आहेत म्हणून," ते सहज म्हणाले.

हेडक्लार्क पुटपुटले, की पायरीला हात लावायचा आपल्याला अधिकार काय?

"मला तर नोकरीही नाही," मास्तर म्हणाले आणि पुढच्या बाईंना त्यांनी हात दिला.

हेडक्लार्कांनी आईचा दाखला करवून घेतला, तिला हाताला धरून खाली उतरवून घरी पोचवलं. येताना सिमेंट, वाळू आणि थापी घेऊन आले आणि मास्तरांना मनगट शेकायला घरी पाठवलं. त्यांनी आयुष्यात कधी भिंतीत खिळाही ठोकला नव्हता. टायपिस्ट बाई न सांगता पाण्याची बादली घेऊन आल्या. शिपायाने मास्तरांच्या जागी उभं राहून, हात देत लोकांना एकेक करून वर सोडलं. अधीक्षक वरून डोकावले, नियमांचं पुस्तक उघडणार तेवढ्यात मिटलं आणि बाह्या सारून फळी धरायला खाली आले.

पायरी झाली किंचित डावीकडे कललेली, पण पक्की.

सोमवारी मास्तर आले. त्यांनी पायाने चाचपलं, मग सगळा भार टाकला आणि क्षणभर तिथेच थांबले. तिथून ते थेट घरी गेले.

आठवड्याने दुरुस्ती खात्याची विचारणा आली, की परवानगीशिवाय हे काम कोणी केले? हेडक्लार्कांनी उत्तरात फक्त स्वतःचं नाव लिहिलं.

नागरिकहो, वरून आदेश यायचा तेव्हा येईल. समोरच्या माणसाने पाऊल मात्र आत्ता उचललं आहे. ते टेकायच्या आत आपण पुढे झालो, तर तेवढंच आपल्या नावावर.