डावा पाय नेहमीप्रमाणे

आता सांगायला हरकत नाही, कारण आता सगळं निस्तरलंय आणि मी रात्री शांत झोपते. पण त्या सोमवारी सकाळी दुकानातला कॉम्प्युटर चालू झाला नाही, तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. बटण दाबलं की आतला पंखा एकदा गुरगुरायचा, तीन वेळा पीं पीं व्हायचं आणि पडदा काळा तो काळाच. मी प्लग काढून पाहिला, घालून पाहिला, पाठीवर दोन थापा दिल्या, शेवटी हात जोडले. ढिम्म.

आमचं दुकान बुटांचं, पण बाजारातला जोड ज्यांना चालत नाही अशांच्या बुटांचं. कोणाचा एक पाय आखूड, कोणाची बोटं एकमेकांवर चढलेली, कोणाला टाच जवळजवळ नाहीच. आमचे हे बूट करतात आणि बाकी सगळं मी करते. बाकीत गिऱ्हाइकाशी बोलणंही आलं, कारण या माणसाला पाय कळतात, पण पायाच्या वरचा माणूस समोर आला की वाचा बसते.

कॉम्प्युटर आणला तो मीच, चौदा वर्षांपूर्वी, हट्टाने. तोवर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पायाचा लाकडी साचा करून ठेवायचा, त्याला आम्ही फर्मा म्हणतो, आणि त्या फर्म्यांनी दुकान छतापर्यंत भरलेलं. मी म्हटलं, हे पुरे झालं, यापुढे प्रत्येक पायाची मापं कॉम्प्युटरमध्ये गेली पाहिजेत. तेव्हापासून रोज दुकान बंद करताना हे त्याच्यासमोर बसायचे आणि दोन बोटांनी टकटक करायचे. मी शेजारी बसून उरलेल्या चामड्याच्या पट्ट्या गुंडाळायचे. दोन वर्षांपूर्वी या लहान जागेत आलो तेव्हा मी सगळे फर्मे पोत्यात भरून काढून टाकले. मापं आहेत की कॉम्प्युटरमध्ये, ही लाकडं कशाला पोसायची? हे तेव्हा मूग गिळून बसले. मला वाटलं, पटलं असेल.

आणि नेमकं आता घोडं अडलं होतं टपालवालीच्या बुटावर.

टपालवाली आमची जुनी. डावा पाय लहानपणापासून आत वळलेला, दोन बोटं तिसऱ्यावर स्वार, टाच एवढीशी. त्या पायावर ती एकवीस वर्षं दारोदार टपाल वाटत होती, आमच्याच बुटात. महिन्यापूर्वी जिन्यावरून पडली आणि त्याच पायाचा घोटा मोडला. दवाखान्यात तिचा बूट कापून काढला आणि दिला फेकून. आता पंधरा दिवसांनी प्लास्टर निघणार होतं आणि त्यानंतर पंधरा दिवसांत तिला साहेबांसमोर आपली अख्खी फेरी चालून दाखवायची होती. नाही जमलं, तर कायमचं आत बसून टपाल लावायचं. तिला हे मरणाहून वाईट वाटत होतं. कुबड्या टेकत ती दुकानात आली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "वहिनी, प्लास्टर निघेल त्या दिवशी बूट पायात पाहिजे. त्या बुटाशिवाय मला नुसतं उभंही राहता येत नाही."

बूट करायला पंधरा दिवस लागतातच, त्यातले आठ दिवस तो नुसता फर्म्यावर वाळतो. पाय प्लास्टरमध्ये, म्हणजे नवीन माप घेणं शक्य नाही. मी तिला छातीठोकपणे सांगितलं, काळजी करू नकोस, तुझी मापं आहेत आमच्याकडे. तिचा चेहरा असा काही उजळला की काय सांगू. आणि दुसऱ्याच दिवशी हा दगड बंद पडला.

मी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. जाडजूड, मितभाषी माणूस. त्याने डबा उघडला आणि आत पाहून मान हलवली. चौदा वर्षांची चामड्याची भुकटी आणि गोंदाची वाफ यांचा एक थर पंख्यावर बसला होता, नखाने सोलून निघावा इतका. त्याने फुंकलं, ब्रशने झाडलं, रॅमची पट्टी काढून खोडरबरने घासली, परत बसवली. पीं पीं पीं. मग म्हणाला, मुख्य बोर्ड गेलं, हा काही आता उठायचा नाही.

मी त्याला पुन्हा एकदा बटण दाबायला लावलं. आणि आमचे हे? हे तिकडे आरी घासत बसले होते आणि, अगदी खरं सांगते, गुणगुणत होते. म्हणाले, "जाऊ दे गं. झालं त्याचं आयुष्य. त्यांना कशाला त्रास देतेस?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, त्या बाईची नोकरी पणाला लागलीय आणि तुम्हाला गाणी सुचतात. दुरुस्तीवाल्याने आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि सांगितलं, बोर्ड गेलं असलं तरी माहिती हार्ड डिस्कमध्ये असते, ती ठीक असेल. त्याने ती चकती काढली आणि वायरीने आपल्या लॅपटॉपला जोडली. यांचं गुणगुणणं थांबलं.

पाच मिनिटांत फाइल सापडली. मी विजयी मुद्रेने यांच्याकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली. टपालवालीचं पान उघडलं. लांबी, रुंदी, घोट्याचा घेर, टाचेची उंची, सगळे रकाने रिकामे. खाली एक ओळ: डावा पाय नेहमीप्रमाणे.

मला वाटलं चुकून राहिलं असेल. दुसरं पान उघडलं. दोन्ही पाय नेहमीप्रमाणे. तिसरं, दहावं, साठावं, सगळीकडे तेच. पहिल्यांदाच आलेल्या माणसाच्या पुढेसुद्धा नेहमीप्रमाणे. एका ठिकाणी मात्र भर होती: नेहमीप्रमाणे, पण जरा हट्टी. दुरुस्तीवाला खोकल्यासारखं करून बाहेर गेला. तो हसायला गेला हे मला कळलं.

मी यांना विचारलं, अहो, चौदा वर्षं रोज संध्याकाळी तुम्ही हे काय करत होता? मग हळूहळू बाहेर आलं. पहिल्या दिवशी यांनी तासभर खपून एका गिऱ्हाइकाची सगळी मापं भरली आणि बंद करताना ती पुसली गेली. मला सांगायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी थोडक्यात लिहिलं. तिसऱ्या दिवशी सवय झाली. मी कधी ती फाइल उघडून पाहिली नाही, हेही तितकंच खरं.

"मग बसायचात कशाला रोज?" मी विचारलं.

यांनी आरी खाली ठेवली. "तू शेजारी बसायचीस," म्हणाले. "एरवी दिवसभर तू कुठे बसतेस?"

रागवायचं की रडायचं ते कळेना, म्हणून मी रडले. यांच्यामुळे नाही, टपालवालीमुळे. मी तिला शब्द दिला होता आणि तिचे फर्मे मीच माझ्या हातांनी पोत्यात भरले होते. आता तिला कोणत्या तोंडाने सांगायचं?

हे उठले, मागून लाकडाचा एक ठोकळा आणला आणि मांडीवर घेतला. मग डोळे मिटून दोन्ही हात हवेत असे धरले, जणू कोणाचा पाय हातात घेतलाय. अंगठा कुठेतरी दाबला, बोटं खाली वळवली. मला वाटलं, माझी समजूत काढायला नाटक करतायत. पण नंतर यांनी डोळे उघडून ठोकळ्यावर पेन्सिलीने रेघा मारल्या आणि रंधा घेतला. पंधरा दिवस मी त्यांच्याशी एकदाही वाद घातला नाही. आमच्या घरात याची नोंद व्हायला हवी.

प्लास्टर निघालं त्या दिवशी टपालवाली दवाखान्यातून रिक्षाने थेट आमच्याकडे आली. मी पाय पाहिला. पोटरी काडीसारखी झाली होती, पाऊल वाळून गेलं होतं. जुन्या मापाचा बूट या पायात खुळखुळला असता. पण यांनी नाडीची चीर पार बोटांपर्यंत आणली होती आणि आत काढता-घालता येणारे तीन पातळ तळ बसवले होते. प्लास्टरमधून सुटलेला पाय आधी वाळलेला असतो, मग सुजतो, मग हळूहळू स्वतःचा होतो, असं यांनी तिला सांगितलं. एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून लग्नातही ऐकलं नव्हतं. बूट चढला. ती उभी राहिली आणि काउंटरला धरून चार पावलं गेली. जुनी मापं मिळाली नाहीत ते किती बरं झालं, असं मला त्या क्षणी वाटलं, आणि हे मी स्वतःशीसुद्धा मोठ्याने बोलले नाही.

पण चार पावलं म्हणजे फेरी नव्हे. पंधरा दिवस ती रोज थोडी थोडी चालत होती, एक एक तळ काढत होती, आणि माझा जीव टांगणीला. परीक्षेच्या दिवशी मी सकाळपासून दाराशी. आमचं दुकान तिच्या फेरीच्या बरोबर मध्यावर येतं. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. हे आत बसून एकच शिवण तिसऱ्यांदा उसवत होते.

पावणेबाराला ती वळणावरून आली. खांद्याला पिशवी, पाय नेहमीसारखा आत वळलेला, चाल नेहमीसारखी झपाझप. मागे बऱ्याच अंतरावर साहेब, हातात रुमाल, शर्ट घामाने चिकटलेला. तिने माझ्या हातात दोन पाकिटं ठेवली, दुसरं काही बोलली नाही आणि पुढच्या दाराकडे गेली. साहेब कसेबसे आमच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचले, पाणी मागितलं आणि स्टुलावर बसून आपला चकचकीत बूट काढून टाच चोळू लागले. आमच्या यांची नजर लगेच त्या टाचेवर गेली.

तेवढ्यात पलीकडच्या दारातून तिचा आवाज आला, "साहेब, येताय ना? अजून अर्धी फेरी बाकी आहे."

साहेबांनी माझ्याकडे पाहून हात टेकले. म्हणाले, तिला सांगा, राहू दे, मी पाहिलं तेवढं पुरे झालं, तिची फेरी तिलाच. मी ते सांगायला रस्त्यावर आले, पण ती एव्हाना चौथ्या दारापाशी होती. मी हाक मारली नाही. माझा जीव भांड्यात पडला होता, आणि मी नुसती तिच्या पायांकडे बघत उभी राहिले.