नको तेव्हा लागलेला लाल दिवा

मित्रांनो, मी एक जुना लाल दिवा आहे. माझ्यापुढच्या पाटीवर माझं जे कौतुक लिहिलं आहे, त्यावर विश्वास ठेवू नका.

कोरियातल्या एका टेकडीवर अमेरिकन सैन्याचं छोटंसं रेडिओ केंद्र होतं. तिथल्या स्टुडिओत निवेदकाच्या अगदी समोर मला बसवलं होतं. माइक चालू झाला की लागायचं आणि बंद झाला की विझायचं, एवढंच माझं काम. पण निवेदक माझ्याकडे बघूनच बोलायचे आणि माझ्याकडे बघूनच थांबायचे. त्यामुळे मला फार शिष्टपणा आला होता.

सैनिक वर्षभरासाठी येत आणि परत जात. कायमचे होते ते फक्त प्यो ग्वांग-सू, पायथ्याच्या गावातले आमचे तंत्रज्ञ. ते सैनिक नव्हते, त्यांना गणवेश नव्हता की हुद्दा नव्हता. सतरा वर्षं रोज सकाळी आले की ते डबा खिडकीत ठेवायचे आणि आधी माझी काच पुसायचे. पुढे माझा होल्डर तडकला आणि मी मधूनच दगा देऊ लागलो. प्योंनी नव्या होल्डरसाठी तीनदा लिहून दिलं. कार्यालयातल्या मेजरनी ते कागद बाजूला सारले. "दिव्याचंच तर आहे, बघू," ते म्हणाले.

एका दुपारी हॉबर्ट नावाच्या जवानाने बातम्या संपवल्या. प्यो पलीकडच्या खोलीत गाण्याची तबकडी लावत होते आणि माइक अजून चालूच होता. नेमका तेव्हाच मी विझलो. हॉबर्ट निर्धास्त झाला.

"कर्नलचं पत्रक वाचून माझी जीभ दुखली," तो म्हणाला. "एक वाक्य धड लिहिता येत नाही, आणि मिशा बघा केवढ्या."

सगळी छावणी रेडिओ लावून जेवायला बसली होती. कर्नलही तिथेच होते.

तासाभरात मेजर आले.

"सर, दिवा बंद होता," हॉबर्ट म्हणाला. "आईशपथ."

"खरं आहे, साहेब," प्यो म्हणाले. "त्याचा होल्डर तडकलाय. मी तीनदा लिहून दिलं होतं."

मेजरनी बटण दाबलं. मी लागलो. त्यांनी दहा वेळा दाबलं आणि दहाही वेळा मी झगझगीत लागलो. आयुष्यात इतका सुंदर मी कधी लागलो नसेन.

"ठणठणीत आहे की हा," मेजर म्हणाले. "म्हणजे हॉबर्ट, तू जाणूनबुजून बोललास. आता तुरुंगाची हवा खा."

प्योंनी एकदा हॉबर्टकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे.

"साहेब, मघाशी तो बंदच होता. आत्ता तुम्ही यायच्या आधी मी तो दुरुस्त केला. सकाळीच करायला हवा होता, पण मी आळस केला. चूक माझी आहे."

प्योंनी मला हातसुद्धा लावला नव्हता. हे हॉबर्टला माहीत होतं, कारण तो माझ्यासमोरून हलला नव्हता. तरी तो आपल्या बुटांकडे बघत राहिला. प्योंनी डबा उचलला आणि ते गेले. सतरा वर्षांची नोकरी त्या दुपारी संपली. पुढच्याच आठवड्यात नवा होल्डर आला. मला लाज वाटते मित्रांनो, अजून वाटते.

पुढे छावणी उठली आणि गावाने माझ्यासकट तिथल्या वस्तूंचं संग्रहालय केलं. माझ्यापुढे पाटी लागली, 'या दिव्याने कधीही दगा दिला नाही.' शेजारी पाहुण्यांसाठी बटण आहे.

मागच्या वसंतात काठी टेकत प्यो आले. सोबत त्यांच्या पत्नी मल-सुन होत्या. मल-सुननी पाटी मोठ्याने वाचली.

"अहो, हाच का तो मेला?" त्यांनी विचारलं. "ज्याच्यापायी आपण गाव सोडलं?"

"त्याला कशाला शिव्या देतेस. होल्डर तडकला होता त्याचा."

"मग तेव्हा पटलं का नाही कुणाला?"

मल-सुननी बटणावर बोट ठेवलं.

मित्रांनो, कुणी वारंवार सांगत असेल की काहीतरी बिघडलंय, तर त्याचं ऐका. आणि तुमची चूक दुसऱ्याने अंगावर घेतली, तर निदान तोंड उघडा. मला तोंड नाही. मला फक्त विझता येतं, आणि त्या दिवशी त्या बाईंसमोर मला एकदा, एकदाच, विझून राहायचं होतं.

त्यांनी बटण दाबलं आणि मी लख्ख लागलो.