लंगडा घोडा आणि सहावं कुलूप

मित्रांनो, मी एक जुना घोडा आहे. खरा नव्हे हं! वाचनालयात वरच्या फळीवरची पुस्तकं काढायला ज्यावर चढतात, तो दोन पायऱ्यांचा लाकडी घोडा. जन्मात एक पाऊल धावलो नाही, पण नाव मात्र घोडा. त्यातून जागा मिळाली ती परीकथांच्या कपाटाजवळ, जिथे पानोपानी राजपुत्रांचे पांढरेशुभ्र घोडे उधळत असतात.

मला घडवणाऱ्या सुताराचा हात चांगला होता, पण चौथ्या पायाच्या वेळी तो गप्पांत रंगला आणि पाय आखूड झाला. मी डुगडुगू लागलो. तेव्हा ग्रंथपालकाकांनी हाताला लागलेलं एक पातळ पुस्तक त्या पायाखाली सरकवलं. "तात्पुरतं हं," ते स्वतःशीच म्हणाले. त्या तात्पुरत्याला अकरा वर्षं झाली! मी ऐटीत उभा राहिलो, आणि नोंदवहीत त्या पुस्तकापुढे 'गहाळ' असं लिहिलं गेलं.

मग एका शनिवारी चौकसबाई आली. वय वर्षं नऊ, प्रश्न नव्वद. म्हणून काकांनी ठेवलेलं हे नाव. तिची आई नर्स होती. कामावरून थकून यायची, तरी लेकीला गोष्ट सांगायची. एका परीची झोप कोणीतरी सात कुलपांच्या पेटीत बंद केली होती, ती गोष्ट. पण पाचव्या कुलपाशी आईचाच डोळा लागायचा.

"पुढचं आईलाही माहीत नाही, काका," ती म्हणाली. "लहानपणी आजी याच वाचनालयातलं पुस्तक वाचून दाखवायची, तेव्हाही आई पाचव्या कुलपाशीच झोपायची. मला शेवट शोधून तिला सांगायचाय."

"पुस्तकाचं नाव काय?"

"तेच तर आठवत नाही ना तिला!"

कपाटात परीकथांचे साठ-सत्तर संग्रह. काकांनी तिला निवडायची युक्ती सांगितली. आधी अनुक्रमणिका वाचायची, मग पुस्तक मधूनच कुठेतरी उघडायचं. 'पुढे काय झालं?' असं वाटलं, तर ते घरी न्यायचं. ती दर शनिवारी माझ्यावर चढून एकेक संग्रह निवडू लागली. सोनेरी कडांचा जाडजूड संग्रह तिने आठवड्यात परत केला. "यातल्या पऱ्या फारच शिकवतात, काका." दुसरा मात्र दोनदा नेला. "यातली परी चिडकी आहे, म्हणून खरी वाटते." पण सात कुलपं कुठेच सापडेनात.

मित्रांनो, खोटं कशाला सांगू? मला ठाऊक होतं. माझ्या पायाखालच्या मुखपृष्ठावर सात कुलपांचंच चित्र होतं. पण काका एकदा म्हणाले होते, "हा घोडा पुन्हा डुगडुगला तर सरळ भंगारात!" म्हणून मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो.

एका शनिवारी शेवटचा संग्रहही संपला. ती माझ्या खालच्या पायरीवर बसली आणि हुंदका न देता रडली. तिच्या आसवाचा एक थेंब माझ्या लाकडावर पडला, आणि मला माझीच लाज वाटली. घोड्याला कुठली वाचा? पण मला कुरकुरता येतं. चौथ्या पायात होता नव्हता तेवढा जोर आणून मी कुरकुरलो. ती दचकली, खाली वाकली आणि ओरडली, "काका, तुमचा घोडा पुस्तक खातोय!"

काकांनी पुस्तक ओढून काढलं, धूळ झटकली आणि स्वतःचे कान पकडले. "तात्पुरतं ठेवलं होतं गं," ते पुटपुटले. मी पहिल्यासारखा डुगडुगलो. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

"टाकणार याला?" चौकसबाईने कमरेवर हात ठेवले. "एवढे संग्रह वाचले मी! गोष्टीत लंगडा घोडाच शेवटी कामाला येतो."

काकांना हसू आवरेना. त्यांनी स्वतःच्या हातांनी लाकडाचा तुकडा ठोकून माझा पाय सारखा केला.

पुढच्या शनिवारी आई आली. पुस्तक आठवडाभर घरी होतं, पण लेकीने एक पान पुढे वाचलं नव्हतं. आई सुट्टीच्या दिवसाची वाट पाहत होती ना! आई माझ्या वरच्या पायरीवर बसली, लेक खालच्या. लेक वाचू लागली. पाचवं कुलूप आलं आणि आईची मान कलली! लेकीने पान उलटलं नाही. मीही हूं की चूं केलं नाही.

वाचनालय बंद करायची वेळ झाली. किल्ल्यांचा जुडगा वाजवत काका आले. आई खडबडून जागी झाली. "अगं, कुठवर आलो आपण?"

"पाचव्या कुलपाशी."

"म्हणजे अजून दोन राहिलीत?" काकांनी जुडगा खिशात टाकला. "मग माझं कुलूप थांबेल. वाच तू."

सहावं उघडलं. सातवं उघडलं. परीला गाढ झोप लागली, आणि आई मात्र टक्क जागी होती, लेकीचा हात घट्ट धरून.

म्हणून सांगतो, मित्रांनो, कुठलंही पुस्तक तात्पुरतंसुद्धा पायाखाली सरकवू नका. त्यात कोणाचं तरी सहावं कुलूप असतं. आणि एखादा म्हातारा घोडा कुरकुरला, तर त्याच्यावर रागावण्याआधी एकदा खाली वाकून बघा.