दर्यावरचा नवरा

मासेमारीच्या बंदीचे दोन महिने आले की आमच्या भाट्ये गावातल्या बायका खुशीत असतात. पावसाळ्यात बोटी ओढून ताडपत्रीखाली झाकतात, जाळी घरी येतात आणि जाळ्यांबरोबर नवरेही येतात. एरवी कसले नवरे? आठ दिवस दर्यावर, दोन दिवस घरी, त्यातला एक झोपण्यात. मी सत्यवती, गंगाराम तांडेलांची बायको. तांडेल म्हणजे बोट चालवणारा, खलाशांचा म्होरक्या. लग्न झाल्यापासून मी ह्या दोन महिन्यांवर डोळा ठेवून जगले. आमची नेत्रा लग्न होऊन खेडला गेली, गुडघ्यांनी दगा दिला म्हणून मासळीची टोपली सुटली, तेव्हापासून तर जास्तच. घरात बोलायला माणूस नसणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच कळतं. मी मांजराशी बोलते. तेही अर्ध्यात उठून जातं.

यंदा बंदीच्या आधी जावयाने ह्यांना मोठा फोन दिला. जावयाचं काही चुकलं नाही, बिचाऱ्याने हौसेने दिला. पण माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते हेच. सकाळी चहा झाला की ओटीवरच्या खुर्चीत बसायचे, की अंगठा वर, अंगठा वर. कोण कुठला पंजाबातला बाबा कढईत लोणी ओततोय. कोणी पाय घसरून चिखलात पडतोय. कोणी परदेशात मोठ्ठा मासा कापतोय. आता मला सांगा, ज्याचा सगळा जन्म मासळीत गेला त्याला मासा कापलेला काय बघायचाय? पण बघायचे. दुपारचं जेवण आलं की ताट मांडीवर आणि फोन तांब्याला टेकवून उभा. बाहेर पाऊस कोसळतोय, आत हा कलकलाट, आणि मध्ये मी.

काही विचारलं तर एकच उत्तर, हूं. आमटीत मीठ कमी झालंय का? हूं. मग जास्त झालंय का? हूं. एकदा भांडायची खुमखुमीच आली. म्हटलं, अहो, मी मिरजोळ्याच्या एका विधुराशी लग्न ठरवलंय, मांडवाला याल ना? म्हणाले, हूं, बघू. मी खो खो हसले, आणि मग आत जाऊन रडले. खोटं कशाला सांगू.

आषाढात नेत्राचा फोन आला. तिला खेडला एका दवाखान्यात नोकरी मिळत होती, पोर दीड वर्षाचं, घरात सासू नाही. आई, तू इकडेच ये, म्हणाली, पोर शाळेत जाईपर्यंत राहा. मला मोह झाला. नातवाचे गाल डोळ्यांसमोर आले. पण मला खरं काय हवं होतं सांगू? ह्यांनी नको म्हणायला हवं होतं. एकदा मान वर करून म्हणावं, तू गेलीस तर मी कोणाच्या घरी यायचं? एवढं एक वाक्य. मग मी नेत्राची कशीही समजूत काढली असती.

म्हणून विचारलं. चहा देताना विचारलं, जेवताना विचारलं, दिवा लावून झाल्यावर मुद्दाम समोर बसून विचारलं. पालथ्या घड्यावर पाणी. एक दिवस मात्र म्हणाले, "जा की." ते मला म्हणाले की फोनमधल्या कोणाला, देव जाणे. पण मी ते धरून बसले. रागाने नेत्राला कळवून टाकलं, येतेय म्हणून.

बंदी उठली, नारळ सोडला, बोटी गेल्या. बोट दर्यात आत गेली की रेंज तुटते आणि फोन नुसता डबा होतो. मी घर आवरलं, पिशव्या भरल्या. निघायच्या आदल्या सांजेला वाटलं, निदान निरोप तरी पोचवावा. उद्या घराला कुलूप बघून हे वाड्यावाड्यांत विचारत फिरायला नकोत. तशी पूल ओलांडून बंदराजवळ नाखव्याच्या घरी गेले. नाखवा म्हणजे बोटीचा मालक. त्याच्याकडे वायरलेस आहे, रोज सांजेला बोटी त्याच्यावर खुशाली कळवतात. नाखव्याची बायको नम्रता माझ्याहून लहान, तोंडाने फटकळ. तिला म्हटलं निरोप सांग, तर तिने माईकच माझ्या हातात दिला. म्हणाली, तुझ्या नवऱ्याला तूच सांग. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं, आणि झालं की ओव्हर म्हणायचं.

"अहो, मी आहे," मी म्हटलं. "उद्या खेडला चाललेय, नेत्राकडे. दोन-तीन वर्षं तिकडेच. चावी नम्रताकडे ठेवते. ओव्हर."

नुसती खरखर. मला वाटलं, गेलं वाऱ्यावर. मग ह्यांचा आवाज आला.

"खेडला? हे कधी ठरलं? ओव्हर."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आषाढापासून कानीकपाळी ओरडतेय. तुम्हीच जा म्हणालात. ओव्हर."

"मी? अगो, मला हे आत्ता कळतंय."

ते ओव्हर म्हणायला विसरले. नम्रताने तोंडाला पदर लावला. त्या वायरलेसवर सगळ्या बोटी ऐकत असतात. तरी ते सावकाश बोलायला लागले. एवढं सलग बोललेले मी कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं.

"जाऊ नको गो. दर्यावरून येताना आपल्या घराचा दिवा दिसत नाही, पण तू लावलेला असतो एवढं मला ठाऊक असतं. कुलूप लावलेल्या घरात मला येववणार नाही. मी आलो की बोलू. बसून बोलू. ओव्हर."

बटण दाबून तशीच उभी राहिले, माझं मुसमुसणं सगळ्या दर्याने ऐकलं. शेवटी कुठल्या तरी दुसऱ्या बोटीवरून एक जण अदबीने म्हणाला, "वहिनी, बटण सोडा. आमचाही निरोप आहे."

घरी येऊन पिशव्या रिकाम्या केल्या आणि नेत्राला नाही म्हणून सांगितलं. ती भडकली. बाबांना तुझी गरज आहे होय, म्हणाली, तू घरात आहेस हे तरी त्यांना माहीत असतं का? मी तिला उलट बोलले, आई-बापाच्या मधे पडू नको म्हटलं. तिची नोकरी हुकली. अजून माझ्याशी धड बोलत नाही, आणि तिचं चुकतंय असंही मला म्हणता येत नाही.

पण त्या फेरीला मी रोज सांजेला नाखव्याकडे गेले. आणि हे बोलायचे! जाळ्यात कासव आलं होतं, सोडून दिलं. भात कच्चा राहिला, सगळ्यांनी बोटीवर रांधणाऱ्या भंडाऱ्याला शिव्या घातल्या. आज पाणी असं गप्प आहे की बोटीलाच लाज वाटावी. मग विचारायचे, गुडघ्याला तेल लावलंस का? पुलावरून चालत आलीस की रिक्षाने? हा माणूस इतकी वर्षं कुठे होता, असं मला वाटायचं. मी जाताना बरं लुगडं नेसायला लागले. नम्रता म्हणाली, काय गो, वायरलेसला डोळे फुटलेत काय? मी लाजले. ह्या वयात लाजले.

बोट परत आली. मी बांगड्याचं तिखलं केलं, गरम भात केला. हे आले, आंघोळ केली, पोटभर जेवले, खुर्चीत बसले. म्हणाले, जरा बघतो, आठ दिवसांचं साठलंय. जसे काही ते लोणीवाले आणि मासेवाले ह्यांच्याच नावाने खोळंबले होते. मी पान लावून समोर बसले. थोडा वेळ, थोडा वेळ करता दिवेलागण झाली. पान माझ्या हातातच राहिलं.

मी फोन हिसकावला नाही. एवढंच म्हटलं, "दर्यावर बोलता तसं बोला ना माझ्याशी."

ह्यांनी मान वर केली. खरं तेच सांगते, त्यांनी आपणहून फोन माझ्या हातात दिला. म्हणाले, तांदळाच्या डब्यात टाक, आज काढूच नको. मी टाकला आणि येऊन बसले. मग आम्ही दोघं एकमेकांसमोर. ते ओटीखाली बघतायत, मी त्यांच्याकडे. त्यांचा अंगठा मांडीवर आपोआप हलत होता. मी विचारलं, ते कासव केवढं होतं? म्हणाले, होतं, बऱ्यापैकी. संपलं. दर्यावर ह्याच कासवावर ह्यांनी पुराण सांगितलं होतं.

"काय झालं?" मी म्हटलं.

"तिकडे तुझं तोंड दिसत नाही गो," ते म्हणाले. "इकडे दिसतं. बघितलं की वाटतं, ही एवढी वर्षं एकटी बसली. आता मी काय बोलू हिच्याशी? ह्या फोनात बघत बसलं की ते वाटायचं थांबतं."

मला राग आला आणि कीवही आली. म्हटलं, मग माझ्याकडे बघू नका, भिंतीकडे बघून बोला. तेही केलं हो त्यांनी. एवढा वादळात बोट हाकणारा माणूस, शाळेतल्या पोरासारखा भिंतीकडे तोंड करून बसला. बर्फ महागलाय, म्हणाले. इंजिन जरा आवाज करतंय, म्हणाले. पुढे काही येईना. शेवटी मीच उठले, डब्यातून फोन काढला, पदराने पुसून त्यांना दिला. त्यांच्या तोंडावर जी सुटका दिसली ती मला बघवली नाही. मी चुलीकडे गेले.

दोन दिवसांनी बोट निघायची होती. पण वारं फिरलं, बंदरावर धोक्याचा बावटा चढला आणि सगळ्या बोटी अडकल्या. शेजारची वेदिका पीठ मागायला आली ती आनंदात. नवरा अजून चार दिवस घरी, वडे करते म्हणाली. मी तिला पीठ दिलं, वर चार नारळही दिले. ओटीवर हे बसलेच होते. मला म्हणाले नाहीत तरी मला कळत होतं, हे चार दिवस असेच जायचे.

सांजेला देवीपुढे दिवा लावला. नवरा दर्यावर असताना रोज ह्याच दिव्यापुढे मी एकच मागत आले, त्यांना सुखरूप घरी आण. त्या दिवशी हात जोडले आणि म्हटलं, आई, हे वारं पाड आणि ह्यांना लवकर दर्यावर धाड. म्हटलं, आणि माझी मलाच भीती वाटली. पण मागणं परत घेतलं नाही.